मागून उतरत्या टपाची गाडी घ्यावी का?

परतूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. घरी जुनी बोलेरो आहे, ती काढून नवी गाडी घ्यायची आहे. मुलाच्या डोळ्यांत टाटाची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसाल्ट भरल्यात, म्हणजे मागून टप उतरत जाणाऱ्या गाड्या. वडील सत्तरीच्या पुढचे, उंचेपुरे आणि रोज फेटा बांधणारे. आईचे गुडघे धरलेले. महिन्यातून एक-दोनदा समृद्धीवरून नागपूर, बाकी वेळ परतूर, मंठा, जालना. हंगामात मोसंबीची दोन-चार कॅरेट पाहुण्यांना पोचवायची असतात. शिवाय ओळखीतून स्कोडाची एक सेकंडहँड ऑक्टाव्हियाही समोर आलीय. त्यांना विचारायचंय की फास्टबॅक, लिफ्टबॅक, कूपे ही काय भानगड. असा आकार हवा कापतो म्हणून ॲव्हरेज वाढतं हे खरं का. मागे बसणाऱ्यांचं काय. आणि साध्या गाडीला मागून स्पॉयलर, म्हणजे हवा वळवायची ती उठावाची पट्टी, बसवला तर चालेल का.

मी संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत पत्रा आणि रंगाचं काम करतो. गाड्या माझ्याकडे येतात त्या ठोकलेल्या, गळणाऱ्या नाहीतर खडखडणाऱ्या. त्यामुळे जाहिरातीत बाजूने दिसणारी रेघ मला कमी दिसते आणि त्या रेघेखालचा पत्रा, काच, रबर जास्त दिसतं. उत्तर त्याच बाजूने देणार.

आधी नावांचा घोळ. आकार वेगळा आणि दार वेगळं, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. टप मागच्या बंपरपर्यंत जवळजवळ एका रेघेत उतरत गेला, मध्ये पायरी आली नाही, की तो फास्टबॅक. मागची काच संपते तिथे पायरी पडून पुढे डिकीचं आडवं झाकण आलं की नॉचबॅक. ॲम्बॅसॅडर, पद्मिनी, कॉन्टेसा या सगळ्या त्याच घरच्या. हा झाला आकार. आता दार. काच जागच्या जागी राहून फक्त झाकण उघडत असेल तर ती सेडानची डिकी. काचेसकट सगळा मागचा भाग टपापासून वर उचलला जात असेल तर हॅचबॅकचं दार. आणि असं दार लांब शेपटीच्या गाडीला लावलं की तिला लिफ्टबॅक म्हणतात. म्हणजे फास्टबॅकला सेडानची डिकी असू शकते आणि सेडानसारख्या दिसणाऱ्या गाडीला हॅचबॅकचं दार असू शकतं. तुमच्यासमोर आलेली ऑक्टाव्हिया हीच. बाजूने बघा, पायरी दिसते. डिकी उघडा, काच वर जाते.

कूपे हा मूळचा दोन दारांचा, बुटक्या टपाचा प्रकार. २००४ मध्ये मर्सिडीजने सीएलएस काढली आणि चार दारांच्या गाडीला कूपे म्हणायची चाल पडली. २००५ ला कोरियाच्या सॅंगयाँगने ॲक्टियॉन नावाची उतरत्या टपाची एसयूव्ही आणली; हीच सॅंगयाँग पुढे २०११ मध्ये महिंद्रांनी घेतली. पण हा प्रकार जगाच्या डोळ्यांत भरला तो २००८ च्या बीएमडब्ल्यू एक्स६ पासून. आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये बसाल्ट आणि कर्व्ह एकाच महिन्यात उतरल्या, नोव्हेंबरात महिंद्रांच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई. शोरूममध्ये आता कूपे म्हणजे मागून उतरता टप, एवढाच अर्थ शिल्लक आहे. दारं मोजायच्या फंदात कुणी पडत नाही.

मराठवाड्याला हे प्रकरण नवीन नाही, ते आपल्या दारातच आहे. स्कोडाने शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळवायला घेतली, पुढे लॉरा, सुपर्ब. लोकांनी त्यांना सेडान म्हणूनच घेतलं आणि डिकी पहिल्यांदा उघडल्यावर काच वर जाताना बघून तोंडात बोट घातलं. सुपर्बच्या दुसऱ्या पिढीला तर दोन्ही सोयी होत्या: नुसतं झाकण उघडा किंवा काचेसकट उघडा. कल्पना भारी, पण दुहेरी कुलपं, दुहेरी बिजागऱ्या. पत्र्यावाल्याच्या दृष्टीने डोकेदुखी. त्याच्या पुढच्या पिढीत कंपनीने साधं एकच दार ठेवलं, ते बरं केलं. देशात त्याही आधी, १९८५ ला मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने स्टँडर्ड २००० आणली होती. विलायतेतल्या रोव्हर एसडी१ चा हा देशी अवतार, अस्सल फास्टबॅक आणि मागे उचलायचं दार. इंजिन जुनाट आणि किंमत अवाच्या सवा, त्यामुळे ती गाडी चालली नाही. नंतर ह्युंदाईने ॲक्सेंट व्हिवा आणून बघितली, तीही फार टिकली नाही. डिकी वेगळी हवी, सामान माणसांपासून आडोशाला हवं, ही आपली जुनी खोड.

आता मुद्द्याचं. अशी गाडी बघताना मी फक्त दोन जागा बघतो. टपाचा उतार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. सुरुवात ठरवते माणसाचं सुख. शेवट ठरवतो हवा आणि सामान. या दोन्हींच्या मधली रेघ कितीही देखणी असो, तिला मी मार्क देत नाही.

हवेचं आधी, कारण त्याबद्दलच सगळ्यात जास्त ऐकीव फिरतं. गाडी हवा फाडते पुढून, पण मार खाते मागून. पुराच्या पाण्यात खडक उभा असला की त्याच्यामागे भोवरा पडतो आणि काडीकचरा तिथेच फिरत बसतो. गाडीच्या पाठीमागे हवेचं तसंच होतं. तिथे दाब कमी असतो, तो गाडीला मागे ओढतो. उतरता टप हवेला हळूहळू खाली आणतो, भोवऱ्याची जागा लहान करतो, म्हणून ओढ कमी होते. हे जुनं ज्ञान आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कंपनीने १९३४ मध्ये टाट्रा ७७ काढली, ती याच हिशेबाने: मागे इंजिन, टप थेट जमिनीकडे उतरणारा, पाठीवर माशाला असतो तसा उभा पर. त्यामागे पॉल याराय यांचं डोकं होतं, जे आधी झेपेलिन हवाईजहाजांवर काम करायचे. पण अशी शेपूट पूर्ण न्यायची तर गाडी लांबच लांब होते. जर्मनीत वुनिबाल्ड काम यांनी त्याच दशकात दाखवलं की शेपूट ठरावीक ठिकाणी सरळ छाटली तरी फायदा बहुतेक हाती राहतो. आज टोयोटाच्या प्रियससारख्या गाड्यांच्या पाठीवर टप हळू उतरतो आणि शेवटी एकदम उभा कापलेला दिसतो, ते त्यांचंच देणं. छाटलेली धार बोथट न ठेवता टोकदार का ठेवतात, तेही यासाठीच. हवेने नेमकं तिथेच गाडी सोडावी, गोल वळून खाली चिकटू नये.

उतार किती हवा याचंही गणित आहे. १९८४ मध्ये अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठोकळ्यासारख्या साध्या नमुन्यावर प्रयोग केले. पाठीचा कोन बदलत नेला आणि ओढ मोजली. साधारण बारा अंशांपर्यंत हवा पाठीला चिकटून गुमान उतरते. त्यानंतर पाठीच्या दोन्ही कडांवरून पीळ पडल्यासारखे भोवरे निघायला लागतात आणि ओढ वाढत जाते, तीस अंशांच्या आसपास ती सर्वांत जास्त होते. त्याच्याही पुढे गेलं की हवा पाठ सोडून देते आणि ओढ एकदम खाली येते. म्हणजे अर्धवट उतार हा उभ्या पाठीपेक्षा वाईट ठरू शकतो. म्हणून ‘तिरपी आहे म्हणजे हवा कापते’ हे वाक्य सेल्समनच्या तोंडून ऐकलं की मी चहाचा कप हातात घेतो आणि गप्प बसतो. कंपन्या हे सगळं हवा सोडायच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) तपासतात, काचेच्या वर छोटी पट्टी देतात, डिकीच्या काठाला उठाव देतात, आणि वाईट कोनातूनही वाट काढतात. पण नुसतं बाजूने बघून तुम्हाला किंवा मला काहीही कळत नाही.

तरी पैशांचा हिशेब करू. समजा दोन गाड्या आहेत, अंगाने सारख्या, समोरून बघितलं तर २.४ चौरस मीटर. एकीचा हवेचा आकडा (आकारामुळे हवा किती अडवते ते सांगणारा, जितका लहान तितका बरा) ०.३५, दुसरीचा मागचा भाग नीट केल्याने ०.३१. समृद्धीवर ताशी १२० ला पहिलीला हवा साधारण ५१० न्यूटनने अडवते, दुसरीला ४५५ ने. शंभर किलोमीटरला हा फरक दीड-पावणेदोन युनिट ऊर्जेचा. पेट्रोलच्या इंजिनात त्याचे अर्धा-पाऊण लिटर होतात. जालन्याहून समृद्धीला लागून नागपूरला जाऊन-येऊन आठशेच्या आसपास किलोमीटर पडतात, म्हणजे एका फेरीत चार ते सहा लिटर. वाईट नाही. पण हीच गाडी मंठा रोडला ताशी ६० ने चालवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने बदलतो, वेग निम्मा तर विरोध पाव. तिथे हा फरक शंभर किलोमीटरला अर्ध्या युनिटच्याही आत येतो, आणि खड्डे, ब्रेक, एसी यांच्या हिशेबात कुठे गायब होतो ते कळतही नाही. तुमचं चालवणं बघता उताराची कमाई महिन्याला त्या एक-दोन नागपूरच्या फेऱ्यांपुरती. इलेक्ट्रिक घेत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे हेच दीड युनिट चार्जिंगच्या थांब्यावर अंगावर येतं, म्हणून बॅटरीच्या गाड्यांना कंपन्या बऱ्याचदा उतरता टप देतात. त्यांच्याकडे ते नुसतं दिसण्यासाठी नसतं.

एक बाजू मात्र जाहिरातीत येत नाही. उतरत्या पाठीवरून हवा वेगाने वळते तेव्हा तिथला दाब कमी होऊन गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. ऑडी टीटी १९९८ मध्ये आली, गोल पाठीची, दिसायला एक नंबर. जर्मनीत भरधाव वेगात अपघात झाले आणि कंपनीला गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवावे लागले, सस्पेन्शन बदलावं लागलं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, त्या वेगाला आजच्या गाड्यांत घाबरण्यासारखं काही नाही. ती मर्यादा ओलांडणाऱ्यांसाठी मी सल्ला देत नसतो, त्यांच्या गाड्या मला क्रेनवरून बघायला मिळतात.

आता उतार सुरू कुठे होतो ते बघू, आणि हा माझ्या मते खरा विषय आहे. टप मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या पुढेच झुकायला लागला तर त्याचं डोकं आतल्या कापडाला टेकणार. मग कंपनी काय करते? सीटची गादी खाली घेते. डोक्याला जागा मिळते, पण गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि नागपूरपर्यंत सगळं वजन कमरेवर. बसाल्टच्या वरच्या मॉडेलला मागच्या सीटची मांडीखालची गादी उचलायची सोय दिलीय, ती उगाच नाही. दुसरी युक्ती असते टपाच्या आतल्या अस्तराला डोक्याच्या जागी खोलगट करायची. हात वर करून चाचपलं तर ती खळगी लागते. ती असेल तर समजा इंजिनिअरला अडचण माहीत होती आणि त्याने मनावर घेतलं होतं.

पण आत बसल्यावरची जागा हा निम्मा भाग झाला. म्हाताऱ्या माणसाला खरा त्रास होतो आत शिरताना. उतरत्या टपाच्या गाडीत मागच्या दाराची वरची चौकटही मागे खाली झुकते. माणूस आधी कुल्ले टेकवतो, मग डोकं आत घेतो, आणि डोकं नेमकं त्या झुकलेल्या कोपऱ्यातून जातं. माझ्याकडे येणारी एक आजी तर नातवाच्या नव्या गाडीला शिव्या घालतच उतरायच्या, “काय गाडी घेतलीस रं, बसताना बी आपटतंय अन् उतरताना बी.” बोलेरोत असं होत नाही, तिथे चौकट सरळ आणि सीट उंच. तुमचे वडील तीच सवय घेऊन येणार आहेत.

म्हणून शोरूमला वडलांना नेलंच पाहिजे, आणि फेटा बांधून. त्यांना पुढच्या सीटवर बसवून चहा पाजू देऊ नका. तुम्ही स्वतः पुढची सीट तुमच्या चालवायच्या जागी लावा, मग त्यांना मागे डाव्या बाजूने आत जायला सांगा आणि मदत न करता बघत राहा. वाकताना हात कुठे टेकतात, फेटा कुठे घासतो, पाय आत घेताना मागच्या चाकाच्या फुगवट्याला अडकतो का. बसल्यावर डोक्यावर आडवी मूठ मावली पाहिजे, फेट्यासकट. नंतर पाठ टेकवून दहा मिनिटं बसू द्या, एसी बंद ठेवून. गुडघे कमरेच्या वर असतील तर ती सीट त्यांच्यासाठी नाही. आईंना उलट उंच सीट फायद्याची. अंग खाली टाकावं लागत नाही, नुसतं सरकायचं. इथे एसयूव्हीच्या उंचीवरची कूपे ही लिफ्टबॅक सेडानपेक्षा बरी पडते. ऑक्टाव्हियात आई खाली बसतील, पण उठताना दोघांनी हात द्यावा लागेल.

सामानाकडे येऊ. कंपन्यांचे आकडे ऐकून घ्या: कर्व्ह ५०० लिटर, बसाल्ट ४७०, पहिली ऑक्टाव्हिया ५२८, शेवटच्या सुपर्बची आपल्याकडची पिढी ६२५, एक्सईव्ही ९ई ६६३. आकडे खोटे नाहीत. पण ते मोजतात छोट्या ठोकळ्यांनी, एकेक लिटरचा ठोकळा कोपऱ्याकोपऱ्यात रचून. मोसंबीचं कॅरेट छोटा ठोकळा नसतं. ते साधारण एकवीस इंच लांब, चौदा रुंद आणि बारा उंच. एक थर सगळ्याच गाड्यांत बसतो. प्रश्न येतो दुसऱ्या थराचा. उभ्या पाठीच्या गाडीत दुसरा थर दारापर्यंत जातो. उतरत्या पाठीत मागच्या रांगेवर दुसरा थर ठेवला की दार लावताना काच त्याला टेकते. आणि काच टेकतेय हे दार आपटेपर्यंत कळत नाही. मागची अख्खी काच अशा आपटण्याने फुटलेल्या गाड्या मी उतरवून घेतल्यात, एकीच्या आत तर लग्नाच्या रुखवताचं पितळी घंगाळ होतं. नियम साधा: मागच्या दाराजवळ बुटकं सामान, सीटजवळ उंच. आणि दार शेवटचं वीतभर हाताने सावकाश आणून बघायचं. बटणावर मिटणारं दार असेल तर पहिल्या खेपेला तरी बोट बटणावर ठेवा.

त्याच्या बदल्यात मिळतं काय, तर तोंड. सेडानची डिकी कितीही खोल असली तरी तिचं तोंड अरुंद. पन्नास किलोचं पोतं आडवं करून, रेटून घालावं लागतं, आणि फ्रिजचं खोकं तर विसराच. लिफ्टबॅकला मागचं सगळं आभाळ मोकळं. सीट पाडली की सायकल जाते, पाइपाची भेंडोळी जातात, दवाखान्यातून आणलेली चाकाची खुर्ची न मोडता जाते. लातूरचे एक बियाण्यांचे व्यापारी वर्षानुवर्षं जुनी ऑक्टाव्हिया सोडायला तयार नाहीत ते यासाठी. फक्त उंबरठा बघा. काही कूपे एसयूव्हींत डिकीचा काठ इतका वर असतो की पोतं आधी मांडीपर्यंत उचलायचं, मग आत सोडायचं.

डिकी आणि बसायची जागा एकच झाल्याचे आणखी परिणाम आहेत. सेडानमध्ये मागच्या सीटमागे पत्र्याची आडवी भिंत असते, ती गाडीला ताठ ठेवते. लिफ्टबॅकमध्ये ती काढावी लागते, म्हणून दाराच्या चौकटीभोवती जाड पत्र्याचं कडं बांधतात. चांगल्या कंपनीने केलेलं कडं पंधरा वर्षं हलत नाही. हलकं असेल तर खडबडीत रस्त्याने दोन-तीन पावसाळ्यांत दाराचं लॉक कुरकुरायला लागतं आणि मागचा पडदा खडखडतो. दुसरं, चाकांचा आवाज सरळ आत येतो. तिसरं, डिकीत ठेवलेला लोणच्याचा बरणा किंवा फवारणीच्या औषधाचा डबा थोडा जरी सैल असला तरी वास सगळ्यांच्या नाकात. औषधं या गाडीत आणूच नका.

उन्हाचं काय, ते वेगळं सांगायला नको, पण उतरत्या काचेचं ऊन वेगळं असतं. उभी काच दुपारी डोक्यावरचं ऊन बरंचसं चुकवते. आडवी झोपलेली काच ते सगळं अंगावर घेते. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसला उभी करून ठेवलेली गाडी उघडा, मागच्या सीटच्या पाठीचा वरचा काठ हाताला चटका देतो. मागे एसीचे झरोके असलेलंच मॉडेल घ्या, त्यात काटकसर नको. काळी फिल्म लावून प्रश्न मिटवायचा विचार असेल तर मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के उजेड आत गेला पाहिजे आणि बाजूच्या काचांतून पन्नास, असा नियम आहे. बाजारातल्या बहुतेक गडद फिल्म त्यात बसत नाहीत. मागच्या काचेच्या आतल्या गरम तारांवर फिल्म चिकटवली आणि पुढे ओरबाडून काढली की तारा गेल्याच म्हणून समजा. आणि ही काच मोठी, वाकडी, तारांची. साध्या हॅचबॅकच्या काचेपेक्षा महाग. विम्यात काचेचं संरक्षण आहे का ते कागद वाचून बघा.

धुळीत दोन्ही बाजू आहेत. उभ्या पाठीमागचा भोवरा धूळ ओढून काचेवर थापतो, म्हणून हॅचबॅकला मागचा वायपर लागतोच. उतरत्या पाठीवर हवा चिकटून गेली तर वेगात काच बऱ्यापैकी स्वच्छ राहते. पण अंगणात उभी गाडी असताना सगळी धूळ, चिमण्यांचं सगळं तिच्यावरच. वायपर सगळ्या मॉडेलला नसतो, विचारून घ्या. आरशातून मागचं दिसतं ते कमीच. मागचा कॅमेरा आणि सेन्सर नसलेलं मॉडेल घेऊ नका.

पाण्याची एक गोष्ट मॅन्युअलमध्ये सापडत नाही. लिफ्टबॅकचं दार वर उचललं की काचेवरचं पाणी उलटं बिजागरीकडे येतं. तिथे टपाला एक नाली असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी बाहेर काढायची वाट. गाडी लिंबाखाली लावायची सवय असेल तर मार्चपासूनचा मोहोर आणि बारीक पानं त्या नालीत साचून मातीसारखा गच्च थर होतो. मृगाच्या पहिल्या पावसात वाट बंद, पाणी अस्तरात, तिथून डिकीच्या कोपऱ्यात आणि स्टेपनीच्या खड्ड्यात. लोक म्हणतात रबर गेलं, आणि नवीन रबर घालून येतात. रबराला काही झालेलं नसतं. मेच्या शेवटी दार उघडून जुन्या दात घासायच्या ब्रशने नाली साफ करा, वरून तांब्याभर पाणी ओता, ते चाकाजवळ खाली पडताना दिसलं पाहिजे.

ऑक्टाव्हियाबद्दल. गाडी दणकट, पण सेकंडहँड लिफ्टबॅक घेताना मागून ठोकलेली नाही ना हे बघणं सेडानपेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण मागे भिंत नाही, सगळा ताण त्या कड्यावर. दार पूर्ण उघडा. टेपने चौकटीचा वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा कोपरा मोजा, मग उलटा कर्ण मोजा. दोन्ही जवळजवळ सारखे यायला हवेत. बोटभर फरक असेल तर तिथून उठून चहा प्यायला जा. मग चौकटीवरचं रबर हाताने ओढून काढा, ते सहज निघतं. आतल्या पत्र्याच्या काठावर कंपनीचे वेल्डिंगचे टिपके ठरावीक अंतराने, गोल आणि सारखे असतात. ते दिसत नसतील, वर पुट्टी असेल, रंगाचा थर जाड असेल, तर मागचं काम झालंय. दाराचे दोन्ही दांडे तपासा: अर्ध्यात सोडलं तर दार डोक्यावर येता कामा नये. स्टेपनीचं झाकण उचलून खाली ओल किंवा गंज आहे का बघा, वर सांगितलेली नाली तिथे बोलते. आणि ज्या पिढीची असेल तिचे सुटे भाग आज मिळतात का ते आधी विचारा. मागचे दिवे आणि दाराची पट्टी यांच्यासाठी महिनोन् महिने थांबलेले लोक आहेत.

माझं मत विचारलंत तर तुमच्या घरासाठी पहिली पसंती उभ्या पाठीच्या साध्या एसयूव्हीला. वडलांची उंची आणि रस्ते बघता उताराची किंमत तुम्ही रोज मोजणार आणि फायदा महिन्यातून एक-दोनदा घेणार. मुलगा अगदीच अडून बसला तर कूपेमध्ये ती निवडा जिचा टप वडलांच्या डोक्याच्या मागे जाऊन झुकतो, मग ती कोणत्याही कंपनीची असो. ऑक्टाव्हिया घ्यायची तर ती तुमची आणि मुलाची गाडी म्हणून, आईवडलांची म्हणून नाही. आणि बोलेरो विकू नका असंही सुचवेन, एक्स्चेंजमध्ये तिला देतात ते पैसे बघून राग येतो. शेतावर आणि दवाखान्यात तीच कामाला येईल.

राहिला स्पॉयलर. कंपनीचा असतो तो त्या गाडीच्या पाठीसाठी मोजून केलेला. बाजारात मिळतो तो फायबरचा, सगळ्या गाड्यांना चालणारा, म्हणजे कुठल्याच गाडीसाठी न केलेला. ताशी ८० ला तो काहीही करत नाही, वजन आणि आवाज वाढवतो. तरी हौस असेल तर दुहेरी चिकटपट्टीचाच घ्या, डिकीला भोकं पाडून स्क्रूने बसवायचा नाही. भोकाच्या कडेचा रंग उडतो, रबरी वायसर दोन उन्हाळ्यांत कडक होतो, पाणी दाराच्या पोकळीत शिरतं आणि पत्रा आतून सडत येतो. बाहेर फोड दिसतो तोवर आतली कड गेलेली असते. तेव्हा अख्खं दार बदलावं लागतं, नुसत्या पुट्टीने भागत नाही.